गेटहोस्टबायनेम आणि त्यावरून पुसली गेलेली तारीख

१/
सी भाषेत सॉकेटचे प्रोग्राम लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीच्या धड्यांतच एक फंक्शन भेटते : गेटहोस्टबायनेम. त्याला संगणकाचे नाव द्यावे, ते जाळ्यावरचा पत्ता परत देते. धड्यातली त्याची ओळखही बहुधा ठरलेली असते : ‘हे फंक्शन डीएनएसला विचारून पत्ता आणते.’ हा धागा या एका वाक्याविरुद्ध आहे. इतिहास म्हणून ते चुकीचे आहे आणि शिकवण म्हणून त्याची किंमत आपण अजून मोजत आहोत.

२/
जुना कागद हाती आला की इतिहासाचा अभ्यासक आधी त्याची तारीख लावतो. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, तेव्हा परिस्थिती काय होती, हे नंतर येते. तारीखच चुकली तर पुढचे सगळे अनुमान चुकते. प्रोग्रामचा मजकूर हाही कागदच आहे. त्यालाही कर्ता असतो, काळ असतो आणि त्या काळाची गृहीतके त्याच्या ओळीओळींत उतरलेली असतात. तेव्हा या फंक्शनची तारीख लावून पाहू.

३/
दोन तारखा शेजारी ठेवा. सॉकेटची संपूर्ण मांडणी, आणि तिच्यासोबत गेटहोस्टबायनेम, ज्या युनिक्स आवृत्तीतून जगापुढे आली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेची ४.२ बीएसडी. साल १९८३, महिना ऑगस्ट. डीएनएसचे पहिले तपशीलवार वर्णन पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ आणि ८८३ या दोन दस्तऐवजांत केले. साल तेच, महिना नोव्हेंबर.

४/
म्हणजे फंक्शन डीएनएसच्या तपशिलाहून तीन महिन्यांनी थोरले आहे. डोमेन-नावांच्या कल्पनेची चर्चा १९८२ पासूनच चालू होती, हे खरे. परंतु त्या ऑगस्टमध्ये ज्याला प्रश्न विचारावा असे डीएनएस अस्तित्वातच नव्हते. मग हे फंक्शन कोणाला विचारत होते? उत्तर साधे आहे : एका फाईलला. संगणकाच्या स्वतःच्या तबकडीवर असलेल्या, एट्सी निर्देशिकेतल्या ‘होस्ट्स’ नावाच्या यादीला.

५/
त्या यादीचीही पूर्वपीठिका आहे. अर्पानेट १९६९ मध्ये सुरू झाले. आरंभी प्रत्येक केंद्र इतर संगणकांची नावे आणि पत्ते आपापल्या यादीत टिपून ठेवी. त्या याद्या एकमेकींशी जुळत नसत आणि बहुधा शिळ्या असत. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी आरएफसी ६०६ लिहून या प्रकाराला हास्यास्पद ठरवले आणि एकच अधिकृत यादी जाळ्यावर ठेवावी असे सुचवले. पुढच्याच महिन्यात, आरएफसी ६०८ मध्ये, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या नेटवर्क माहिती केंद्राने ती जबाबदारी उचलल्याची नोंद आहे.

६/
या केंद्राची धुरा दीर्घकाळ एलिझाबेथ फाइनलर यांच्याकडे होती. त्या १९७२ मध्ये तेथे आल्या आणि १९८९ पर्यंत राहिल्या. नवा संगणक जाळ्याला जोडायचा तर त्यांच्या कार्यालयाला कळवावे लागे, दूरध्वनीने किंवा ईमेलने. तेथे माणसे नाव तपासत, ते आधीच कोणी घेतलेले नाही याची खात्री करत आणि यादीची नवी आवृत्ती काढत. मग प्रत्येक केंद्र ती संपूर्ण यादी उतरवून घेई. ४.२ बीएसडीमध्ये या कामासाठी दोन स्वतंत्र प्रोग्राम होते. ‘गेटटेबल’ केंद्राकडून यादी आणी आणि ‘एचटेबल’ तिचे होस्ट्स फाईलमध्ये रूपांतर करी.

७/
आता लोकप्रिय कथन पाहा. ‘पूर्वी सगळा गोंधळ होता, मग १९८३ मध्ये डीएनएस आले आणि गोंधळ मिटला.’ हे कथन तारखांसमोर टिकत नाही. यादीचे काटेकोर स्वरूप मार्च १९८२ च्या आरएफसी ८१० मध्ये ठरलेले होते. त्याची सुधारित आवृत्ती, आरएफसी ९५२, ऑक्टोबर १९८५ मधली आहे. डीएनएसचा तपशील प्रसिद्ध झाल्यानंतर दोन वर्षांनीही यादीचे नियम नव्याने लिहिले जात होते. आणि होस्ट्स फाईल आजही तुमच्या संगणकावर आहे. बहुतेक ठिकाणी डीएनएसच्या आधी तिलाच विचारले जाते.

८/
यादी मोडली ती वाढत्या संख्येखाली. संगणक वाढले तशी यादी लांबली, यादी लांबली तशी ती उतरवून घेणारेही वाढले, आणि प्रत्येक बदल एकाच कार्यालयाच्या दारातून जाऊ लागला. हा भार कितीही दक्ष कार्यालयाला पेलणारा नव्हता. ज्यांनी दशकभर जाळ्याची नावे सांभाळली त्यांच्या कामाला ‘गोंधळ’ म्हणणे हा अन्याय आहे. एका माणसाने एके दिवशी सारे बदलले, ही कथा सांगायला सोपी पडते, म्हणून ती सांगितली जाते.

९/
‘फंक्शन फाईलसाठी जन्मले’ याला तारखेखेरीज पुरावा काय? अंतर्गत पुरावा भरपूर आहे. पहिला पुरावा भावंडांचा. वापरकर्त्याचे नाव पासवर्ड फाईलमध्ये शोधणारे गेटपीडब्ल्यूनॅम, सेवेचे नाव सर्व्हिसेस फाईलमध्ये शोधणारे गेटसर्व्हबायनेम, जाळ्याचे नाव नेटवर्क्स फाईलमध्ये शोधणारे गेटनेटबायनेम. सगळी एकाच साच्यातली. नाव द्या, फाईल उघडेल, ओळ सापडेल, तिची रचना परत मिळेल. गेटहोस्टबायनेम हे याच कुटुंबातले.

१०/
दुसरा पुरावा याहून बोलका आहे. या फंक्शनबरोबर सेटहोस्टएंट नावाचे एक फंक्शन येते आणि त्याला ‘उघडे ठेवा’ अशा अर्थाचा एक पर्याय द्यावा लागतो. काय उघडे ठेवायचे? मूळ अर्थ : फाईल. प्रत्येक शोधानंतर ती बंद करून पुन्हा उघडण्याचे कष्ट वाचावेत म्हणून. डीएनएस आल्यावर उघडी ठेवायला फाईल उरली नाही. तेव्हा त्याच पर्यायाला नवा अर्थ देण्यात आला : नाव-सर्व्हरशी टीसीपी जोडणी उघडी ठेवा. शब्द तोच राहिला, त्याखालची वस्तू बदलली. जुन्या सनदांत पदनाम टिकते आणि अधिकार बदलतो, तसेच हे.

११/
तिसरा पुरावा पत्त्याचा. हे फंक्शन ‘होस्टएंट’ नावाची रचना परत देते. ४.२ बीएसडीमध्ये या रचनेत पत्त्यासाठी एकच जागा होती. एका संगणकाला एक पत्ता, हे गृहीतक. ४.३ बीएसडीमध्ये, १९८६ साली, त्या जागी पत्त्यांची यादी आली. मात्र आधीचे प्रोग्राम मोडू नयेत म्हणून जुने नाव यादीतल्या पहिल्या पत्त्याचे टोपणनाव म्हणून ठेवले गेले. आजही असंख्य धडे पहिलाच पत्ता उचलतात आणि उरलेल्यांकडे पाहतही नाहीत. ते नकळत १९८३ चे गृहीतक गिरवत असतात.

१२/
चौथा पुरावा स्मृतीचा. फंक्शन आपले उत्तर स्वतःच्या एकाच राखीव जागेत लिहिते आणि त्या जागेचा पॉइंटर तुमच्या हाती देते. दुसऱ्यांदा हाक मारली की पहिले उत्तर पुसले जाऊ शकते. प्रोग्राम एका वेळी एकच काम करी, तोवर हे खपण्यासारखे होते. एकाच प्रोग्रामात अनेक थ्रेड चालू लागल्यावर दोन थ्रेड एकमेकांची उत्तरे पुसू लागले. त्यावर निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळे उपाय काढले. ‘आर’ हे अक्षर जोडलेल्या सुधारित फंक्शनचे नाव सगळीकडे सारखे होते, पण त्याला काय-काय द्यायचे हे प्रत्येक युनिक्सवर वेगळे.

१३/
मग फाईलचे फंक्शन डीएनएसचे कसे झाले? १९८४ मध्ये बर्कलीतील डग्लस टेरी, मार्क पेंटर, डेव्हिड रिगल आणि साँगन्यान झोऊ या चार विद्यार्थ्यांनी ‘बाइंड’ हा युनिक्ससाठीचा नाव-सर्व्हर लिहिला. ४.३ बीएसडीबरोबर तो सर्वत्र पोहोचला. गेटहोस्टबायनेमचे नाव आणि बाह्यरूप तसेच ठेवून त्याच्या पोटातले काम बदलण्यात आले. प्रोग्रामचा मूळ मजकूर न बदलता तो फाईलऐवजी जाळ्याला विचारू लागला. हे मोठे कौशल्याचे काम होते, यात शंका नाही.

१४/
पण बाह्यरूप राखण्याची किंमत पडली. फाईलचे उत्तर तत्काळ मिळते. जाळ्याचे उत्तर यायला सेकंद लागू शकतात, आणि तोवर हाक मारणारा जागीच थांबतो. फाईलचे ‘नाही’ हे निश्चित ‘नाही’ असते. जाळ्याचे ‘नाही’ मात्र दोन प्रकारचे असते : असे नावच नाही, किंवा आत्ता कळत नाही, पुन्हा विचारा. हा भेद सांगायला त्या साच्यात जागा नव्हती. म्हणून नेहमीच्या त्रुटिक्रमांकाला बाजूला ठेवून एक वेगळाच त्रुटिक्रमांक जन्माला घालावा लागला. जुन्या वाड्याला मजले चढवावेत तशी ही वाढ होती.

१५/
पाया हलला तो डिसेंबर १९९५ मध्ये, आयपीव्ही६ चा पहिला तपशील प्रसिद्ध झाला तेव्हा. ३२ बिटांच्या पत्त्याशेजारी आता १२८ बिटांचा पत्ता आला. गेटहोस्टबायनेमला फक्त नाव देता येते. ‘कोणत्या प्रकारचा पत्ता हवा’ हे सांगायला त्यात जागाच नाही. गेटहोस्टबायनेम२ नावाचे ठिगळ लावून झाले, गेटआयपीनोडबायनेम हे दुसरे ठिगळही. आरएफसींच्या पुढच्या आवृत्त्यांत दोन्ही मागे पडली. टिकले ते तिसरे : गेटअ‍ॅड्रइन्फो.

१६/
या फंक्शनचे मूळ कीथ स्क्लोवर यांच्या एका मसुद्यात आहे. त्याची रचना पाहिली की वरचे चारही पुरावे उलट्या बाजूने वाचल्यासारखे वाटते. पत्ता कोणत्या प्रकारचा हवा हे सांगता येते. उत्तर एका पत्त्याचे नसून पत्त्यांच्या साखळीचे असते, आणि एक पत्ता लागला नाही तर पुढचा वापरून पाहावा, अशी अपेक्षा असते. उत्तराची जागा प्रत्येक हाकेला वेगळी असते आणि ती मोकळी करण्याचे काम हाक मारणाऱ्याचे. त्रुटीचा अर्थ सांगणारे स्वतंत्र फंक्शनही सोबत मिळते. जुन्याने जे शिकवले ते येथे नोंदले गेले आहे.

१७/
पॉझिक्स या मानकाने २००१ मध्ये गेटहोस्टबायनेमवर ‘कालबाह्य’ असा शेरा मारला आणि २००८ मध्ये ते मानकातून काढून टाकले. तरी ते लायब्ररीत आहे, आणि आजही सहज कंपाईल होते. धड्यांतून तर ते कधी गेलेच नाही. येथे प्रतिपक्ष म्हणतो : ‘चालते आहे ना? मग बदला कशाला?’ या प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे.

१८/
२७ जानेवारी २०१५ रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीने ‘घोस्ट’ नावाचा दोष जाहीर केला. तो लिनक्सवरील ग्लिबसी या लायब्ररीत, गेटहोस्टबायनेमच्या मार्गावर होता. नाव केवळ अंक आणि टिंबे यांचे असेल तर ते आधीच पत्ता आहे की काय, हे तपासणाऱ्या ओळींत जागेचा हिशेब एका पॉइंटरने कमी पडत होता. दोष नोव्हेंबर २००० पासूनचा. मे २०१३ मध्ये तो दुरुस्तही झाला होता, पण त्याचे गांभीर्य न ओळखल्याने अनेक चालू प्रणालींपर्यंत दुरुस्ती पोहोचली नव्हती. एक्झिम या मेल-सर्व्हरवर बाहेरून ताबा मिळवता येतो, हे क्वालिसने प्रत्यक्ष दाखवले.

१९/
प्रामाणिकपणासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, त्याच लायब्ररीतील गेटअ‍ॅड्रइन्फोच्या मार्गावरही गंभीर दोष जाहीर झाला. तो २००८ पासूनचा होता. नवे म्हणजे निर्दोष, असा दावा येथे नाही. फरक एवढाच की नव्यातला दोष दुरुस्त केला की नवे पुढे वापरता येते. जुन्यातला दोष दुरुस्त केला तरी त्याची गृहीतके दुरुस्त होत नाहीत, कारण ती त्याच्या बाह्यरूपातच कोरलेली आहेत.

२०/
प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा : ‘नवशिक्याला जुनेच सोपे.’ खरे आहे, ओळी थोड्या लागतात. पण ते सोपेपण १९८३ च्या जाळ्याचे आहे. आयपीव्ही४ चे अखेरचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. १ जून २०१६ पासून अ‍ॅपलने आपल्या दुकानातील अ‍ॅप केवळ आयपीव्ही६ असलेल्या जाळ्यावरही चालले पाहिजे, अशी अट घातली. भारतातील मोबाईल जाळ्यांवर आयपीव्ही६ हा नित्याचा व्यवहार आहे. हा धागा तुम्ही मोबाईलवर वाचत असाल तर तो बहुधा त्याच मार्गाने तुमच्यापर्यंत आला असेल. ज्याच्या खिशातला फोन आयपीव्ही६ बोलतो त्या विद्यार्थ्याला तो पत्ता मागताच न येणारे फंक्शन ‘सोपे’ म्हणून शिकवणे, ही त्याची फसवणूक आहे.

२१/
तिसरा मुद्दा इतिहासप्रेमींकडूनच येतो आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो : ‘जुने शिकवले नाही तर इतिहास विसरला जाईल.’ मान्य. पण जुने जुने म्हणून शिकवावे. कागदावरची तारीख पुसून तो आजचा म्हणून वाचायला दिला तर इतिहास जतन होत नाही, तो खोटा होतो. ‘हे फंक्शन डीएनएसला विचारते’ या वाक्यात नेमकी तारीखच पुसली गेली आहे.

२२/
याच्या उलट अपराधही तितकाच मोठा : पूर्वसूरींची टवाळी. होस्टएंट रचना नीट पाहा. त्यात पत्त्याचा प्रकार आणि पत्त्याची लांबी यांसाठी १९८३ पासूनच स्वतंत्र जागा आहे. पत्ते पुढे वेगळ्या लांबीचे असतील, हे त्या मंडळींना सुचले होते. समोर दिसणाऱ्या जगासाठी त्यांनी नेटके काम केले आणि थोडी पुढचीही सोय ठेवली. दोष त्यांचा नाही. चाळीस वर्षांनीही त्यांचेच जग समोर आहे असे समजणाऱ्यांचा आहे.

२३/
आता आपल्या दारातली गोष्ट. आरएफसी ९५२ ने संगणकाच्या नावासाठी परवानगी दिली ती इंग्रजी अक्षरे, अंक, संयोगचिन्ह आणि टिंब यांनाच. कमाल लांबी २४. हा नियम त्या यादीचा होता. डीएनएसच्या मूळ व्यवहारात अक्षरांवर असे बंधन नाही, हे १९९७ च्या आरएफसी २१८१ ने स्पष्ट केले आहे. तरीही यादीची वर्णमाला तेवढी टिकून राहिली, कारण तोवर सगळे प्रोग्राम तिच्यावर विसंबून लिहिले गेले होते.

२४/
म्हणून २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन खुले झाले तेव्हाही मराठी नाव तारेवरून देवनागरीत जात नव्हते. आजही जात नाही. ते आधी प्युनीकोड या पद्धतीने इंग्रजी अक्षरांत मोडले जाते, मगच पुढे पाठवले जाते. गेटअ‍ॅड्रइन्फोदेखील हे आपणहून करील असे मानकात नाही. ग्लिबसीमध्ये त्यासाठी वेगळी खूण लावावी लागते, आणि ती लावणे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती. एका यादीच्या सोयीसाठी ठरलेली वर्णमाला आजही मराठी नावाच्या वाटेत उभी आहे. ती कोठून आली हे ज्याला ठाऊक नाही, तो तिला निसर्गनियम समजतो. ज्याला तिची तारीख ठाऊक आहे, त्याला ती बदलण्याजोगी माणसांची सोय दिसते.

२५/
तेव्हा मागणी तीन गोष्टींची. प्रात्यक्षिकाच्या वहीत पहिले फंक्शन गेटअ‍ॅड्रइन्फो असावे आणि मिळालेला प्रत्येक पत्ता क्रमाने वापरून पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागावी. गेटहोस्टबायनेम इतिहासाच्या धड्यात यावे आणि त्याच्यापुढे ‘ऑगस्ट १९८३, होस्ट्स फाईलसाठी’ एवढी नोंद असावी. आणि डीएनएसची कथा सांगताना मोकापेट्रिस यांच्याबरोबर फाइनलर आणि त्यांचे कार्यालयही सांगितले जावे.

२६/
तुम्ही सध्या सॉकेट शिकत असाल तर हातातला धडा उघडून पाहा. त्यात गेटहोस्टबायनेम असेल तर समासात त्याची तारीख लिहा आणि शिकवणाऱ्यांना आदराने विचारा : सर, मॅडम, २००८ मध्ये मानकातून गेलेले हे फंक्शन आम्ही इतिहास म्हणून वाचायचे की आजचे म्हणून वापरायचे? धागा समाप्त.